ताबुतावरची मोकळी जागा

मामूंना वाकडं काही बघवत नसे. कुणी चहाला बोलावलं तरी चहा येईपर्यंत ते त्या घरातले भिंतीवरचे फोटो सरळ करत. सरपंचांच्या सोप्यात त्यांच्या वडिलांचा फोटो होता. तो मामूंनी किती वेळा सरळ केला असेल, देव जाणे. दर वेळी म्हणत, "आवं, सरळ मानूस व्हता त्यो. त्येला असा तिरका कशाला टांगलाय?" माझ्या लग्नात नवरदेव बोहल्यावर उभा असताना मामूंना दिसलं, की त्याच्या कोटाची डावी बाही बोटभर लांब आहे. अक्षता पडायच्या आत चार टाके घालून त्यांनी ती बाही बरोबरीला आणली. कोट माझ्या सासरच्या, लोणंदच्या शिंप्यानं शिवलेला होता. त्या बाहीवरून मी सासरच्या लोकांना पुढं कितीतरी वर्षं ऐकवलं.

मामू आमच्या गावचे टेलर. उंब्रजपासून आत, कृष्णेच्या काठाला आमचं गाव. चावडीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं मशीन असे. त्यांना दुसरं नाव होतं, पण ते रेशनकार्डावरच राहिलं. माझ्या आईला ते आक्का म्हणत, आणि आमच्या दारात आले की आधी माझ्या धाकट्या भावाच्या चपला सरळ करत. सुभाषची एक चप्पल उंबऱ्याशी असायची, दुसरी तुळशीजवळ. "सुभ्या, लेका, तुझं पाय येकाच वाटंनं घरात येत न्हाईत व्हय रं?" असं ओरडून, दोन्ही चपला जोडीनं लावून मगच मामू बसत.

त्यांच्याकडे दोन कात्र्या होत्या. मोठी कापडाची. तिला कुणी हात लावला तर मामूंचा आवाज नदीपर्यंत जाई, कारण कागद कापला की कापडाच्या कात्रीची धार जाते. दुसरी लहान, खास कागदाची. तिच्या मुठीला लाल दोरा गुंडाळलेला. ती वर्षभर पेटीत असे आणि मोहरमचा चंद्र दिसला की बाहेर निघे. मग टेलरचं दुकान दहा दिवस बंद. लग्नाचे कपडे अडले, तरी बंद.

कारण आमच्या गावचा ताबूत मामू बांधत. मी आजवर बरेच ताबूत पाहिलेत आणि कुणाला वाईट वाटो न वाटो, आमच्यासारखा मला दुसरा दिसला नाही. तीन मजले. बांबूच्या कामट्या बुरुडवाड्यातल्या, खळीचं पीठ घरोघरचं, पुढचा खांदा पाटलांचा, मागचा बौद्ध वस्तीतल्या पोरांचा. अंगावर पतंगाचा कागद, कडांना चकचकीत बेगड. गवंड्याकडून ओळंबा मागून आणून मामू प्रत्येक मजला तपासत, आणि एक सूतही इकडेतिकडे झालं तर बांधलेलं सोडत. शेजारच्या गावचा ताबूत नेहमी थोडा कललेला असायचा. तिथले लोक म्हणायचे, वाऱ्यानं झालं. वारं काय नेमकं त्यांच्याच गावात सुटत होतं?

लहानपणी मी एकदा मामूंना म्हटलं होतं, "मोहरमचा सण मला दिवाळीपेक्षा आवडतो." मामूंनी हातातली कामटी खाली ठेवली. "पोरी, ह्यो सन न्हाई. हुसेनसायबांचं सुतक हाय हे. पर सुतक येकट्यानं पाळलं की मानूस आतून सडतंय. म्हनून सगळ्यांनी मिळून पाळायचं." पुढं सरबताचा पेला माझ्या हातात देत म्हणाले, "आता पी आन खळ ढवळाय लाग."

मिळून पाळायची आमच्या गावाची एक रीत होती, मामूंच्याही आधीपासूनची. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं असेल, त्या घरानं ताबुताला कागदाचं एक फूल कातरून द्यायचं. घर कुणाचंही असो. पण कात्री त्या घरानं मागायला यायचं नाही. कात्री चालत त्या घरी जायची. मामू ती कात्री आणि चार रंगांचे कागद पिशवीत घालून निघत. कट्ट्यावर बसत आणि गेलेल्या माणसाविषयी अगदी साध्या गोष्टी विचारत. भाकरीबरोबर काय लागायचं, रागावल्यावर काय म्हणायचा. हात कातरण्यात गुंतले की माणसं बोलायला लागत. तीन-तीन महिने तोंड न उघडलेली माणसं मी त्या कट्ट्यांवर बोलताना पाहिली आहेत.

आणि इथं मामूंचा सगळा स्वभावच उलटा होई. तात्या पैलवानांची बायको गेली त्या वर्षी तात्यांनी कातरलेलं फूल भाकरीच्या तुकड्यासारखं झालं होतं. ते स्वतःच बघून हसले आणि हसता हसता त्यांना रडू कोसळलं. कुणीतरी म्हणालं, मामू, कडा तरी जरा सारख्या करा. कोटाच्या बाहीसाठी नवरदेवाला थांबवणारे मामू म्हणाले, "रडतं मानूस सरळ कातरतंय व्हय? ऱ्हाऊ दे हाय तसं." आणि ते फूल त्यांनी पहिल्या मजल्यावर, सगळ्यांना दिसेल असं, स्वतःच्या हातानं चिकटवलं.

वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. त्यांचं फूल आईनं कातरलं होतं, आठ पाकळ्यांचं, एकसारखं. मामू म्हणाले होते, "आक्का, तू मशीनवर बसली असतीस तर माझं दुकान बंद पडलं असतं." त्या फुलाचं गावानं कौतुक केलं, आणि आईनं ते कौतुक घेतलंही. तिला रडायला तेव्हा सवड नव्हती. घरात मी होते आणि पाच वर्षांचा सुभाष होता.

सुभाष गेला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. कराडच्या कॉलेजातून सायकलवरून येत होता. हायवेवर ट्रकनं उडवलं. मी तेव्हा लोणंदला सासरी होते. आले तेव्हा आई चुलीपुढं बसलेली होती आणि चूल पेटलेली नव्हती. त्या दिवसापासून आईनं सुभाषचं नाव घेतलं नाही. तिच्यासमोर कुणी घेतलं तर उठून आत जायची. खायची, शेतात जायची, माझ्या मुलांना अंघोळ घालायची. पण सुभाष नावाचा मुलगा तिला कधी झालाच नव्हता, असं वागायची. वाळत चाललेली आई बघून मला भीती वाटे, की मी हिलाही गमावणार.

त्या मोहरमला मामू पिशवी घेऊन आले. मी माहेरीच होते. कट्ट्यावर बसून त्यांनी कागद मांडले, कात्री ठेवली. आई आत तांदूळ निवडत होती. "न्हाई मामू," ती आतूनच म्हणाली. "माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." मी म्हटलं, मी कातरते, भाऊच होता माझा. मामूंनी कात्रीवर हात ठेवला. "तुजं घर आता लोणंदला. ह्या घरचं फूल हिच्याच हातचं." मला इतका राग आला, की मी त्यांना नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुमच्या रीतीपायी माझ्या भावाचं फूल राहणार का? मामूंनी सगळं ऐकून घेतलं. एक फूल कातरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते बसून राहिले. मग कागद गोळा करून दाराकडे तोंड करून म्हणाले, "बरं आक्का. जागा हाय."

त्याचा अर्थ मला ताबूत निघाला तेव्हा कळला. पहिल्या मजल्यावर, आमच्या घराकडच्या बाजूला, आईच्या डोळ्यांच्या उंचीवर वीतभर जागा मोकळी होती. कागद नाही, बेगड नाही, नुसत्या कामट्या. बाकी सगळा ताबूत उन्हात झळकत होता आणि तेवढ्या चौकोनातून पलीकडचं दिसत होतं. ताबूत आमच्या कोपऱ्यावर थांबला. आईनं दार लावून घेतलं होतं.

वाकडा फोटो ज्याला सहन होत नव्हता, त्या माणसानं आपल्या हातचं काम अर्धवट ठेवून सगळ्या पंचक्रोशीपुढं मिरवलं. शेजारच्या गावच्यांना तर पर्वणीच झाली. एवढी वर्षं आम्ही त्यांना कललेल्या ताबुतावरून चिडवत होतो. तालुक्याहून बघायला आलेल्या एका साहेबांनी विचारलंच, "काय मामू, कागद कमी पडला वाटतं?" मामू म्हणाले, "कागद मोप हाय सायेब. मानूस यायचं हाय." माझा राग तिथंच गेला. मी पुढं होऊन ताबुताला नारळ दिला आणि मामूंच्या पाया पडले. ते म्हणाले, "माझ्या न्हवं, त्येंच्या पड," आणि ताबुताकडे बोट केलं.

दहाव्या दिवशी ताबूत नदीत थंडा होतो. फुलं, कागद, बेगड सगळं पाण्यात जातं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून बांधायचं. मोकळी जागाही तशीच पाण्यात गेली आणि पुढच्या वर्षी मामूंनी ती पुन्हा ठेवली. वर्षाच्या आत फूल आलं नाही तर ते घर सुटलं, त्याची वाट बघायची नाही, अशी खरं तर रीत होती. ती मामूंनी आमच्यासाठी मोडली आणि त्याबद्दल कुणाशी बोलले नाहीत. तीन वर्षं ते पिशवी घेऊन येत, तेवढाच वेळ बसत आणि तेच म्हणून उठत. दुसऱ्या वर्षी आईचं दार अर्धं उघडं होतं. तिसऱ्या वर्षी ती खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालायला बाहेर आली, पण मान वर केली नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मामू गेले. सकाळी मशीनला तेल घालताना छातीत कळ आली, तिथंच. सगळं गाव मातीला गेलं. मामींना मुलगा एकच, तो सांगलीला गॅरेजात होता. तो म्हणाला, आता चल माझ्याकडं. मामी म्हणाल्या, मोहरम होऊ दे.

मोहरमचा चंद्र दिसला, आणि गावात एकदम सगळ्यांच्याच लक्षात आलं, की या वर्षी फूल द्यायचंय ते मामूंच्याच घरानं. कात्री घरी घेऊन जाणारा माणूसच गेला होता. कात्री त्यांच्याच घरात, पेटीत पडलेली. चावडीवर दोन दिवस नुसती चर्चा. कुणी म्हणालं मुलानं घ्यावी, कुणी म्हणालं पाटलांनी. मामी दाराशी बसून होत्या, कोण येतंय बघत.

मी मोहरमला माहेरी आले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी आईनं मला चार रंगांचे कागद आणायला सांगितले. मला वाटलं, माझ्या मुलांसाठी. तिनं ते पिशवीत घातले, पदर खोचला आणि म्हणाली, "चल. मामीच्या घरी कोन गेलं न्हाई अजून."

मामींच्या कट्ट्यावर आई मामूंसारखीच बसली. पेटीतून कात्री मागून घेतली, मामींच्या हातात दिली आणि विचारलं, "सकाळी उठल्या उठल्या काय करायचं गं मामू?" मामी कातरायला लागल्या आणि बोलायला लागल्या. मामू उठल्या उठल्या अंथरुणाची घडी घालून तिचे कोपरे जुळवायचे. मामी अजून अंथरुणात असल्या तरी. आई हसली. सुभाष गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मामींचं फूल पार वाकडं झालं. त्यांनी ते मांडीवर ठेवलं आणि कात्री आईपुढं धरली. "आता तू घे आक्का. जागा हाय."

आईनं कात्री घेतली. मग निळा कागद उचलला. पहिलीच पाकळी फाटली. "सुभ्या," ती म्हणाली, आणि थांबली. "सुभ्या चपला कवा सरळ काढायचा न्हाई. येक उंबऱ्यापशी, येक तुळशीपशी. मामू लय वरडायचं." मग ती बोलतच राहिली, संध्याकाळपर्यंत. रडली, मामींनीही रडून घेतलं, मीही. आठ एकसारख्या पाकळ्या कातरणाऱ्या आईचं ते फूल कशासारखंच दिसत नव्हतं. ती कडा सारखी करायला गेली तर मामींनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. रडतं मानूस सरळ कातरतंय व्हय?"

त्या वर्षीचा ताबूत मामूंच्या मुलानं आणि गावातल्या पोरांनी मिळून बांधला. ओळंबा लावला होता, तरी थोडा डावीकडे कलला. त्या वीतभर जागेत मामींचं आणि आईचं, दोन्ही फुलं दाटीवाटीनं बसवली होती. कोपऱ्यावर ताबूत थांबला तेव्हा आमचं दार सताड उघडं होतं आणि आई मान वर करून बघत होती. शेजारच्या गावचा एकजण म्हणालाच, यंदा तुमचा वाकडा झाला. मी म्हटलं, हो, झाला. मामू गेलेत आमचे.

मामी सांगलीला गेल्या, पण कात्री आईकडे ठेवून गेल्या. मोहरमला त्या येतात आणि मुठीवरचा लाल दोरा बदलतात. पिशवी घेऊन घरोघर आता आई जाते. गेल्या वर्षी गावातल्या एका तरण्या बाईनं तिला दारातूनच नको म्हटलं. त्या बाईची लेक गेली होती. आई कट्ट्यावर बसली, एका फुलाएवढा वेळ. उठताना दाराकडे तोंड करून म्हणाली, "बरं पोरी. जागा हाय."

म्हणून यंदाही आमच्या ताबुतावर वीतभर कामट्या उघड्या दिसतील. बघायला या. पण कागद कमी पडला का, एवढं मात्र आमच्या गावात येऊन विचारू नका.