पाचरी सुकल्यावर

इथे लोक असले अनुभव लिहितात ते वाचून मी नेहमी हसत आले. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, घरात कधी अंगारासुद्धा येऊ दिला नाही. तरी हे लिहितेय… कारण घरात सांगून झालं, तरी डोक्यातून जात नाही.

आम्ही विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहतो. रिटायर झाल्यावर ह्यांना एकच वेड लागलं — जुनी दगडी बांधकामं. क्रेन नाही, मशीन नाही, मग एवढे चिरे कापले कसे? रविवार उजाडला की स्वारी वसईच्या किल्ल्यात. तिथे एका चिऱ्याच्या कडेला ओळीने अर्धी अर्धी भोकं दिसली आणि मग विचारूच नका. दगडाला भोकं पाडायची, त्यात सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या, वर पाणी घालत राहायचं. लाकूड फुगतं आणि दगड फुटतो, असं ह्यांनी कुठेतरी वाचलं होतं. करून बघायचंच म्हणून एक काळा दगड आणून गॅलरीत ठेवला, त्याला ओळीने भोकं पाडून पाचरी ठोकल्या.

आमच्याकडे पाणी टँकरचं. म्हणून हे आपल्या आंघोळीतलं पाणी वाचवून पाचरींवर घालायचे आणि कान लावून बसायचे. दगड ढिम्म. तुमच्यापेक्षा हट्टी कुणीतरी भेटलं एकदाचं, असं मी चिडवायची. ते हसायचे. फुटतानाचा आवाज तेवढा ऐकायचाय, म्हणायचे.

तो राहूनच गेला. हार्ट अटॅक आला… हॉस्पिटलमध्ये माझ्याशी शेवटचं बोलले तेही तेच.

"फुटला की मला सांगशील ना?"

मी हो म्हटलं.

मग पाणी घालणं बंद झालं. पाचरी सुकून सैल झाल्या, दोन-तीन गळूनही पडल्या. दगड खाली नेऊन ठेवू का, असं मुलाने विचारलं. मी नको म्हटलं.

मे महिन्यातली दुपार होती. मी हॉलमध्ये तांदूळ निवडत होते, सून स्वयंपाकघरात. गॅलरीत खाडकन आवाज झाला. जाऊन बघते तर भोकांच्या ओळीत दगडाचे सरळ दोन तुकडे. सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, फुटला बघा तुमचा दगड."

बेडरूममधून "हं" आलं. पेपर वाचता वाचता द्यायचे ना, तसंच… अगदी स्पष्ट.

सून हात पुसत बाहेर आली, चेहरा पांढराफटक.

"आई, बाबांचा आवाज आला का आत्ता?"

दोघी खोलीत गेलो. कुणी नव्हतं.

दगडाचं मी समजावून देईन — ऊन, आतली जुनी चीर, काहीही. पण ते "हं"? मनाचे खेळ म्हणावेत, तर सुनेलाही ते ऐकू आलं होतं.

भीती वाटली का, असं लोक विचारतात. नाही वाटली. खरं सांगू? फार रडले त्या दिवशी, आणि बरंही वाटलं. तेव्हापासून एकटी असले की बेडरूमकडे तोंड करून काहीबाही सांगत असते… नातू चालायला लागला, माझा गुडघा दुखतो, आज आमटी खारट झाली. सांगून झालं की थोडा वेळ थांबते.

पुन्हा काही आलेलं नाही.