त्याने नको म्हटलेली बाटली

आखाडा बाळापूरच्या बाजारात कपडे शिवणारा तो माणूस एका जागी टिकत नसे. बोलता बोलता उठायचा, गळ्यातली टेप काढून परत घालायचा आणि प्रत्येक वाक्यानंतर मला, गावच्या शाळामास्तराला, विचारायचा, "बराबर हाय ना, मास्तर?"

त्याच्या पंथात दुसऱ्याचं रक्त घेणं पाप होतं. मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी बाळंतपणात त्याच्या बायकोचा रक्तस्राव थांबेना. दवाखान्यात माझं रक्त जुळलं. मी बाही वर करून तयार होतो. डॉक्टरांनी त्याच्यापुढे हात जोडले.

"न्हाई," तो म्हणाला, "तिलाबी चालणार न्हाई."

ती बेशुद्ध होती. तिला विचारणार कोण? दुपारी ती गेली, लेकरू वाचलं.

त्यानंतर मी त्याला टाळू लागलो. वर्षभरानं त्यानंच मला रस्त्यात गाठलं. पोरगी कडेवर होती.

"मास्तर, तवा मला धरून दवाखान्याबाहेर काहून न्हाई काढलं तुमी?"

मी तोंड उघडेपर्यंत तो पोरीला घेऊन घाईघाईनं निघालाही होता. पंथाच्या प्रार्थनेची वेळ झाली होती.