बिनपेडलची रशियन गाडी

चहा घ्या आधी, कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला गाढव म्हणणार आहात. म्हणा. मी सदतीस वर्षांचा होतो, इंजिनियर होतो आणि मिशिगनमध्ये ट्रॉयला राहत होतो. म्हणजे गाढवपणाला कसलीच सबब नव्हती.

सत्त्याऐंशी साल असेल. आमच्या कंपनीत छोट्या गाडीसाठी नवी टीम होणार होती. मी सात वर्षं गाड्यांच्या दारांची हँडलं डिझाइन करत होतो. सात वर्षं, नुसती हँडलं! घरी फ्रिज उघडला तरी हात शिवशिवायचे. मला त्या टीममध्ये जायचंच होतं.

बॉस डग म्हणाला, "जगातल्या एखाद्या छोट्या गाडीवर दहा मिनिटं बोल. मग बघू."

बाकीचे लायब्ररीत पळाले. मी गेलो स्वयंपाकघरात.

का? तर तिथं आमच्या आईची रेसिपीची वही होती. मूळची माझी सातवीची शास्त्राची वही. उरलेल्या कोऱ्या पानांवर आईनं अनारशांपासून सांडग्यांपर्यंत सगळं लिहून ती शैलाला, म्हणजे माझ्या बायकोला, अमेरिकेला येताना दिली होती. तिला कव्हर होतं रशियन मासिकाच्या पानाचं. आठवतात ना ती मासिकं? मराठीतसुद्धा यायची, आणि जूनमध्ये घरोघर त्यांची कव्हरं व्हायची. त्या गुळगुळीत कागदाचा वास मला अजून येतो.

कव्हरवर फोटो होता. कापडी टपाची इवलीशी गाडी, दार उघडं, आत छातीवर पदकं लावलेला, मांडीवर ब्लँकेट घेतलेला हसरा माणूस. हाताशी दोन-तीन दांडे, आणि खाली पेडल एकही नाही. लहानपणी मी तासन्‌तास ती गाडी बघायचो. गाड्यांचा इंजिनियर झालो तो तिच्यामुळेच.

शैला म्हणाली, "अरे, आधी कुठेतरी चेक तरी कर."

"चेक काय करायचंय? चोवीस वर्षं बघतोय मी हे चित्र."

मीटिंगमध्ये मी वहीच प्रोजेक्टरखाली ठेवली. भिंतीवर गाडी उमटली, शेजारी परातीएवढा फोडणीचा डाग. मी सुटलो. म्हटलं, रशियात दारोदार ही गाडी आहे. अख्खा देश हातानं ड्राइव्ह करतो. का? तर आराम! पाय मोकळे. आपणही पेडल काढून टाकू, म्हणजे माणूस मांडी घालून गाडी चालवेल.

आणि मी टेबलावर चढून मांडी घालून दाखवली हो.

मागच्या रांगेत लेव बसला होता. चाळिशीचा ड्राफ्ट्समन, रशियातून आलेला, दिवसाला चार शब्द बोलणारा. तो उठून पुढे आला.

"ही घडी उलगडू?" त्यानं विचारलं.

"उलगड की."

त्यानं कव्हरची आत दुमडलेली पट्टी हळूच बाहेर काढली. भिंतीवर गाडीचा उरलेला भाग आला. गाडीला टेकून दोन कुबड्या ठेवल्या होत्या. खाली मराठीत दोन ओळी.

डग म्हणाला, "काय लिहिलंय?"

तिथं मराठी वाचणारा मी एकटाच. टेबलावर मांडी घालूनच मी भाषांतर केलं : सेर्पुखोवच्या कारखान्यातली ही गाडी, युद्धात पाय गमावलेल्या सैनिकांसाठी.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

लेवच म्हणाला, "माझ्या वडिलांकडे आधी त्या कारखान्याची तीनचाकी होती, मग ही आली. सरकारनं दिलेली. मोटरसायकलचं इंजिन, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडून कळायचं पप्पा आले. मी धावत जायचो कुबड्या काढून द्यायला." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आराम मात्र खरंच होता. पप्पा तिच्यात बसले की राजे असायचे."

मला फार लाज वाटली. आणि खरं सांगू, त्या गाडीवर माझा जीव आणखीच जडला.

टीममध्ये दुसराच गेला. मी हँडलांवर परत. पण शनिवारी लेवला जेवायला बोलावलं. त्यानं शैलाची आमटी दोनदा घेतली, आणि निघताना संकोचत विचारलं, "ते चित्र मला देशील?"

मी लगेच कव्हर काढायला घेतलं. चोवीस वर्षांचा कागद तो, वहीला चिकटलेला. ओढताना शास्त्राचं एक पान सुटून खाली पडलं. शैलानं उचललं, वाचलं आणि हसत खालीच बसली.

पानावर लाल शाईत आमच्या गुरुजींचा शेरा होता : "नुसते चित्र पाहून उत्तर लिहू नये. धडा वाचावा."