पाण्याखालची शीव

भैरू सापाला भ्यायचा नाही. कोंबड्याला भ्यायचा.

चौथीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. पुढे मी पुण्यात मराठी घेऊन बी.ए. झालो. तो मुळशीतच भातखाचरं आणि एक होडी सांभाळत राहिला. मी सुट्टीत आलो की खाचरातून ओरडायचा, "आलं का रं पुस्तक?"

आमच्याकडे कुणी तापाने झुरू लागलं की त्याच्यावरून कोंबडा ओवाळतात. पायात लाल दोरा, तुऱ्यावर कुंकू. मग तो शिवेबाहेर सोडायचा आणि मागे न बघता परतायचं. दुखणं त्याच्याबरोबर जातं. त्याला जो हात लावेल त्याच्या घरी ते उतरतं.

धरणाच्या पाण्यात जुना गाव गेला, तशी शीवही गेली. मग लोक कोंबडे पाण्याच्या काठाशी सोडू लागले. काठाला सगळ्यात जवळचं घर भैरूचं.

सोडलेला कोंबडा पाण्यापाशी थांबत नाही. त्याला दाणे हवेत, कोंबड्या हव्यात. तो सरळ भैरूच्या अंगणात यायचा. एकदा असाच एक कोंबडा त्याच्या घराच्या कौलांवर चढून आरवला. त्याच आठवड्यात भैरूचा पहिला मुलगा तापाने गेला.

तेव्हापासून दिवस कलला की भैरू घराभोवती फिरायचा. कोंबडा अंधार पडायच्या आत उंच जागा धरतो. भैरू करवंदीच्या जाळ्या, गवताची उडवी, आंब्याच्या खालच्या फांद्या बघायचा. झाडाखाली ताजी शीट दिसली की वर नजर. मग हाताला घोंगडी गुंडाळून झडप. उघडा हात कधीच नाही. पिसांना बोट लागू न देता तो कोंबडा डालग्याखाली झाकायचा, होडीत ठेवायचा आणि पल्याडच्या रानात सोडून यायचा.

"कापून खा की एखादा," मी एकदा म्हणालो.

तो हसला नाही. "तुज्या पुस्तकात न्हाई त्ये," एवढंच म्हणाला.

त्या वर्षी भात काढून झालं आणि तापाची साथ आली. वाडीत घरोघरी माणसं हुडहुडी भरून पडली. काठावर कोंबडेच कोंबडे. भैरूच्या घरात तान्ही मुलगी होती. बायको रत्ना तिला घेऊन आतल्या खोलीत बसायची. दार लावलेलं. कोंबडा कुठेही आरवला की ती पोरीच्या कानांवर हात ठेवायची.

भैरू पौडच्या बाजाराला गेला होता. मागे पोरीचं अंग तापलं. त्याची आई, धोंडाबाई, घाबरली. साथीत विकत कोंबडा कुठला मिळणार? तिने घरचाच घेतला. भैरूने पिल्लापासून वाढवलेला तांबडा. नातीवरून ओवाळला, काठाला सोडला आणि मागे न बघता घरी आली.

बाजाराहून भैरू परतला तेव्हा मी त्याच्याबरोबर होतो. ऊन उतरलं होतं. अंगणात पाय ठेवला तोच तांबडा कुंपणातून धावत आला. रोजच्यासारखा त्याच्या पायात घोटाळला. भैरू वाकला आणि त्याला उचलून छातीशी धरलं.

"काय रं, कुटं उंडारत हुतास?"

मग त्याची बोटं पायाशी थांबली. लाल दोरा.

धोंडाबाई दारात आली. तिने तोंडावर पदर दाबला.

"आये," भैरू म्हणाला, "ह्यो कुणावरनं?"

"पोरीवरनं."

"आगं, घरचा कोंबडा घरीच येनार न्हवं का!"

आतून पोर रडली. रत्नाने हाक मारली, "आलासा व्हय? जरा हिला घ्या." भैरू जागचा हलला नाही. त्याचे दोन्ही हात कोंबड्याभोवती होते, उघडे. मी पुढे झालो तसा तो मागे सरला.

"शिवू नगंस मला. आये, दार लाव."

तो तसाच होडीकडे चालत गेला. मी काठावरून ओरडत राहिलो. त्याने मागे पाहिलं नाही.

पल्याड तो राहिला. तिन्हीसांजेला तिकडे जाळ दिसायचा. धोंडाबाई आमच्या काठावर उभी राहून ओरडायची, "हायेस का रं?" उत्तर यायचं, पाण्यावरून, उशिरा. रत्ना दार उघडत नव्हती. मी पौडहून आणलेल्या डॉक्टरांच्या गोळ्या फटीतून आत दिल्या. पोरीचा ताप उतरत गेला. एका सकाळी ती दूध प्याली, आणि रत्नाने दार उघडलं.

त्या संध्याकाळी जाळ दिसला नाही. धोंडाबाई ओरडली. पल्याडून कोंबडा आरवला. माणूस नाही.

उजाडताच मी दुसऱ्याची होडी घेऊन गेलो. उरलेल्या गोळ्या खिशात होत्या. भैरू एका दगडाला टेकून बसला होता. घोंगडी अंगाभोवती, तरी दात वाजत होते. तांबडा त्याच्या पायाशी दोरीने बांधलेला. पुढ्यात तांदळाचे दाणे.

मी जवळ जाऊ लागलो. त्याने हात वर केला.

"पोरगी?"

"उतरला ताप. दूध प्याली."

त्याने डोळे मिटले. चेहरा सैल झाला. त्याला इतक्या सुखात मी कधी पाहिलं नव्हतं.

"मंग बरुबर हाय," तो म्हणाला. "तिच्यातनं निघून माज्याकडं आलाय."

मी गोळ्या पुढे केल्या. त्याने मान हलवली.

"नगं. माज्यातनं हाकलला, तर त्यो जाईल कुटं?"