मायणीच्या तळ्यावरचा हाका

सुमती केशव देवस्थळी, तुझे रोहित पक्षी आज मायणीच्या तळ्यावर आले होते, आणि मला ते धड पाहता आले नाहीत.

वाचनालयाच्या फलकावर हे वाचणाऱ्या मित्रांनो, दर हिवाळ्यात आम्ही उभयता साताऱ्याहून सर्व्हिस मोटारीने तेथे जात असू. पत्नी सुमतीच्या निधनानंतर आज प्रथमच एकटा गेलो. काठावर बसून तिची दुर्बीण डोळ्यांस लावतो न लावतो, तोच पलीकडून डबे बडवल्याचा गलका झाला आणि सारा थवा उडून गेला.

आम्ही नेहमी उतरत असू त्या तळ्याकाठच्या बंगल्याचा चौकीदार म्हादू धापा टाकीत आला. "आवं साहेब, मारा की. बंदूक कुठं हाय?"

"हा गोंधळ करावयास तुम्हांस कोणी सांगितले? मी केवळ पाहावयास आलो होतो."

"गोऱ्या साहेबांस्नी असाच हाका घालतो आमी. तुमच्या बाई असल्या की आमास्नी गप बसाया लावायच्या. आवंदा बाई दिसल्या न्हाईत, म्हणून म्हटलं शिकारीला आलासा."

मी पुन्हा दुर्बीण डोळ्यांस लावली. तुम्ही काय सांगितले असते?

दुपारपर्यंत थांबलो. थवा परतला नाही. खोलीस कुलूप लावून किल्ल्या म्हादूकडे परत दिल्या.