सतरा-सी नंबरची सीट

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय... पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी दिल्लीला एका एअरलाइनमध्ये गेटवर काम करते. माहेर पोलादपूरजवळ डोंगरात. आम्हाला आणि आईवडिलांना स्टँडबाय तिकीट मिळतं — म्हणजे सीट उरली तर बसायचं, नाहीतर घरी. गेल्या वर्षी बाबांना दिल्लीला न्यायला मी मुंबईला आले. विमान भरलं, बाबांचं नाव पुकारलंच नाही. तर बाबा गेटवरच्या मुलीला म्हणाले, "ताय, मी जातो ना उभ्यानं. एस्टीत मुंबईपतोर उभाच असतो. स्टँडबाय म्हंजे उभ्यानंच ना?" सगळे हसले. मीही हसले, ते अजून डाचतं. बाबा तसेच गावी परतले.

यंदा आईचा फोन आला. "तुजे बाबा बोलत नायत गो. डॉक्टर म्हनतो, आजचाच दिस हाय. ये."

सकाळचं मुंबईचं विमान होतं, स्टँडबायवर मी एकटीच. क्रूने डोकी मोजली — फुल! पुढच्या विमानाने गेले असते तर बाबा भेटलेच नसते. मी गेटवरच रडायला लागले. पण यादीत एक प्रवासी आलेलाच दिसत नव्हता. आकडा जुळेना म्हणून पुन्हा मोजलं, तर सतरा-सी रिकामी. मला धावतच आत पाठवलं.

शेजारच्या बाई म्हणाल्या, "इथे एक आजोबा होते. दुसऱ्यांदा मोजायला लागले तसे उठून मागे गेले." मी वळून पाहिलं. मागे कुणीच उभं नव्हतं.

दुपारी महाडच्या दवाखान्यात पोचले. आठ दिवस अंथरुणावर असलेले बाबा शुद्धीवर आले होते. आई म्हणाली, "सकालधरनं एकच चाललंय, पाय दाबा." पाय टम्म सुजलेले. डॉक्टर म्हणाले, पडून राहून सूज येते. असेल. पण आई म्हणाली, काल नव्हती.

"आलीस गो? दाब जरा," बाबा म्हणाले.

संध्याकाळी ते गेले, तोवर मी पाय दाबत होते. 'उभ्यानंच आलात का, बाबा?' असं दहादा ओठांवर आलं, पण विचारलं नाही. ते 'हो' म्हणतील याची भीती नव्हती... 'नाय गो' म्हणाले असते तर?