चित्र काढून टाकल्यावर

माझ्या मुलीला जुने कॉम्प्युटर जमवायचा नाद आहे. परवा तिने आमच्या घरच्या एका जुन्या व्हिडिओ कॅसेटमधलं चित्र काढून टाकलं आणि नुसता आवाज तिच्या एका जुनाट डब्यावर वाजेल असा करून घेतला. कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

खरखरीतून आधी कुकरची शिट्टी आली, आणि मी शिवाजी नगरच्या क्वार्टरच्या अंगणात पोचले. बाबांनी कुणाचा तरी हँडीकॅम मागून आणला होता. आम्ही सगळे फोटोला उभे राहतात तसे ताठ, तोंड मिटून उभे. "अरे भाभी, ज़रा हिलिए तो सही!" शेजारच्या आंटी आईकडे बघून ओरडल्या. कॅमेरा थरथरायला लागला आणि बाबांनी तो बंद केला. त्यांना हसू आवरत नाहीये, असंच आम्ही धरून चाललो.

आता चित्र नाही, तर सगळ्यात जवळून बाबांचाच श्वास ऐकू येतो. एकदा ऐकलं की हसू दाबल्यासारखा वाटतो, पुन्हा ऐकलं की धाप लागल्यासारखा. बाबा पुढे दम्यानेच गेले.

"आई, बाबा हसतच होते ना गं?" शेजारी बसून ऐकणाऱ्या माझ्या आईला मी विचारलं.

आईने खुर्ची त्या डब्याजवळ ओढली.

"पुन्हा लाव," म्हणाली.